सुपारी कातरायला थांबणारा दयाळ

इंदूरच्या लालबागेत त्या सकाळी मी मोजलेला दहावा दयाळ गाणं संपवून माझ्याच आवाजात म्हणाला, "मॅडम, बंद करू का?"

आवाज माझाच होता, फक्त जरा जड, सर्दीने बसल्यासारखा. तोवर मी जाहीर करून मोकळा झालो होतो की नवा नर आला आहे, करवंदीच्या अंगाला आहे, आणि आपल्या नऊच्या नऊ पक्ष्यांपेक्षा एक सूर खाली गातो आहे. हे सांगताना मी एक हात कानाशी नेला होता आणि डोळेही मिटले होते. डोळे उघडले तेव्हा मॅडम करवंदीच्या जाळीत वाकून टेपरेकॉर्डर बाहेर काढत होत्या. कोणता पक्षी उत्तर देतो ते पाहायला त्यांनी गेल्या वर्षीची कॅसेट लावून ठेवली होती. सेल उतरले होते. सेल उतरले की टेप हळू फिरते, आणि हळू फिरली की सूर खाली येतो. कॅसेटच्या शेवटी गेल्या वर्षीचा मी होतो.

मॅडमबरोबर कॉलेजची तीन-चार मुलं असायची. त्यातला एक म्हणाला, "भिया, अपना दसवाँ पंछी तो मराठी बोलता है."

मीही हसलो. हसण्याशिवाय करणार काय. पण मॅडम हसल्या नाहीत, तेव्हा मला कळलं की प्रकरण जरा जड आहे.

दयाळ म्हणजे बुलबुलाएवढा काळा-पांढरा पक्षी. शेपटी सतत वर, जणू कुणाचं देणंघेणं नाही. आमच्याकडे हिंदीत त्याला दहियर म्हणतात. दिसायला सगळे नर एकाच ताग्यातून फाडल्यासारखे, पण होळीपासून पावसाळ्यापर्यंत जो तो आपल्या झाडावरून आपलं गाणं गातो. मॅडम महाराष्ट्रातून नव्यानेच इंदूरला आल्या होत्या, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. त्यांचं म्हणणं असं, की नर नुसता गाण्यावरून ओळखता आला तर त्याला जाळ्यात धरायला नको, पायात कडी घालायला नको. बागेत खरे किती आहेत, गेल्या वर्षीचे किती परतले, कोण गेलं, कोण नवं आलं, सगळं कानाने कळेल. त्यासाठी त्यांना कान हवा होता. तो त्यांना माझ्यात दिसला, यात त्यांची काही चूक नाही.

देशाचा बाजार उघडला आणि आमची मिल बंद झाली, दोन्ही एकाच सुमारास. मी मिलच्या टाइम ऑफिसात होतो, म्हणजे इतर लोक वेळेवर आले की नाही ते बघायचं माझं काम. मिल बंद झाली तरी मिलचा गणपती बंद झाला नाही. अनंत चतुर्दशीला झांकी, म्हणजे चित्ररथ, निघत राहिली, आणि मांडवात आरतीला पेटी वाजवायला मी बसत राहिलो. आरतीचं एक असतं. सुरू होते काळी एकमध्ये, आणि लोकांना जोर चढेल तशी पट्टी वर वर सरकते. शेवटच्या आरतीपर्यंत ती कुठल्या कुठे गेलेली असते आणि पेटीवाला पाठलाग करत असतो. एका संध्याकाळी मला ते सहन झालं नाही. मी भाता सोडला, हात वर केला आणि म्हणालो, "थांबा. पट्टी चढली."

कुणी थांबलं नाही. गणपतीसमोर पेटीवाल्याचं ऐकतं कोण. पण मागे उभ्या असलेल्या एका पाहुण्या बाईंनी, याच मॅडमनी, ऐकलं, आणि प्रसाद घेताना विचारलं, "तुम्हाला सूर इतका बारीक कळतो, तर पक्ष्याचा कळेल का?"

मी हो म्हणालो. त्या दिवसांत मला कुणी काहीही विचारलं असतं तरी मी हो म्हणालो असतो. विचारणारे कमी होते.

तर असा मी दयाळांकडे गेलो. पहिलं वर्ष छान गेलं. पहाटे स्नेहलतागंजातल्या घरून सायकल काढायची, लालबागेत मॅडम आणि मुलांबरोबर झाडाझाडाखाली उभं राहायचं. मी कानाने पट्टी सांगायचो: फाटकाजवळचा काळी एक, चिंचेवरचा काळी दोन, विहिरीजवळच्या आंब्यावरचा पांढरी चार. पक्षी पेटीच्या कितीतरी वर गातो, पण मी मनात त्याला खाली उतरवून घ्यायचो. मुलं बघत राहायची आणि मला ते आवडायचं. दुपारी एका नमकीनवाल्याकडे हिशेब लिहायला जायचो. माझ्यावाचून त्याचं काही अडत नाही, हे तो शेव तळता तळता रोज सांगायचा. नातेवाईक विचारायचे, "सध्या काय?" मी म्हणायचो, "दयाळ मोजतो." पुढचा प्रश्न यायच्या आत पाणी मागायचो.

पण खरं सांगायचं तर सगळ्या शहरात ती एकच जागा उरली होती जिथे मी नाही गेलो तर कुणीतरी "आले नाहीत का अजून" असं विचारलं असतं. ती मला घालवायची नव्हती.

टेपरेकॉर्डरचा किस्सा मॅडमच्या विभागप्रमुखांपर्यंत त्याच दिवशी पोचला. सर माळव्यातले, शांत, पानाचा तोबरा एका गालात. मला समोर बसवून म्हणाले, "भाईसाहब, बुरा मत मानना. आप सेल सुनते हो, पक्षी नहीं." मग मॅडमकडे वळून, "छोड़िए ये कान-वान. पेड़ गिनिए. एक पेड़, एक दहियर. गये साल जिस पेड़ पर था, इस साल भी है, मतलब वही है."

मॅडम म्हणाल्या, "सर, तेच तर आपल्याला माहीत नाही. तोच आहे की दुसरा."

बरीच ओढाताण झाली. शेवटी ठरलं ते असं: अक्षय्य तृतीया झाली की सर स्वतः गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या कॅसेटी उलटसुलट लावतील, आणि कोणतं गाणं कुणाचं ते मी सांगायचं. जमलं तर मोजणी कानाने. नाही जमलं तर झाडं मोजायची, आणि झाडं मोजायला पेटीवाला कशाला हवा.

घरी बायकोला सांगितलं. ती शाळेत शिकवायची, त्यामुळे परीक्षा म्हटलं की तिचा चेहरा आपोआप गंभीर व्हायचा. म्हणाली, "अभ्यासाला दिवस आहेत ना? मग बसा."

बसलो. पण जितका ऐकू लागलो तितका घाबरू लागलो. पट्टीचा माझा हिशेब पक्ष्यांना मान्यच नव्हता. चिंचेवरचा शेजाऱ्याशी भांडताना वर चढायचा, ऊन तापलं की खाली यायचा. म्हणजे गेलं वर्षभर मी पोरांसमोर जे दिमाखात सांगत होतो, त्यातलं बरंचसं वाऱ्यावर होतं. सेलांनी फक्त चुगली केली.

त्याच आठवड्यात आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, आणि दोन खोल्यांत मावतील त्याच्या दुप्पट बायका. मी दाराआड पेटी घेऊन, कारण आरतीला पेटी हवी असा बायकोचा आग्रह. आरती सुरू झाली आणि नेहमीप्रमाणे चढली. मी एक पट्टी बदलली, दुसरी बदलली, तिसऱ्यांदा चुकलो आणि पेटीतून असं काही निघालं की सगळ्या जणी वळून बघायला लागल्या. बायको दाराशी येऊन हळूच म्हणाली, "अहो, पट्टीच्या मागे कशाला धावता? आम्ही काय म्हणतोय ते ऐका ना. कितीही वर गेलं तरी आरती तीच आहे."

मी पेटी बंद केली आणि नुसता ऐकत बसलो. खरंच, आरती तीच होती. आणि आता पेटी मध्ये नव्हती तर बायकाही वेगवेगळ्या ऐकू यायला लागल्या. बायकोच्या मावशी ओळीचा शेवटचा शब्द दोनदा म्हणतात, पहिल्यांदा कुणी ऐकलं नसेल म्हणून. समोरच्या वहिनी ओळ अर्ध्यात पकडतात आणि सगळ्यांच्या आधी संपवतात. डोळे बांधून मला कुणी कुठल्याही पट्टीत ऐकवलं असतं तरी मी सांगितलं असतं, या मावशी, या वहिनी.

दुसऱ्या दिवशी बागेत पट्टीचं नाव काढलं नाही. प्रत्येक झाडाखाली उभा राहून एकच विचारलं: हा कसा बोलतो? आणि एकेकाला नातं लावत गेलो, कारण माणसं ओळखायची मला दुसरी रीत येत नाही. चिंचेवरचा शेवटचा तुकडा दोनदा घोळवायचा, तो मावशी. फाटकाजवळचा दणक्यात सुरू करून मध्येच विझायचा आणि वाहवेची वाट बघायचा, तो साडू. आणि विहिरीजवळच्या आंब्यावरचा त्या दिवसांत माझ्यासमोर गायलाच नाही, म्हणून त्याला गेल्या वर्षीच्या कॅसेटीवर ऐकलं, तो मामा.

मामा म्हणजे बायकोचे मामा. आमच्याच मिलच्या फोल्डिंग खात्यात होते, मला त्यांनीच चिकटवलं होतं. गोष्ट सांगण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. गोष्ट ऐन शिगेला पोचली की मामा थांबायचे, अडकित्ता काढायचे आणि सुपारी कातरायला लागायचे. सगळे ताटकळलेले. वाटायचं, विसरले की काय. मग सुपारी तोंडात टाकून, खालच्या आवाजात, शेवटचं वाक्य. विहिरीवरचा दयाळ अगदी तसा: तीन सूर पायरीपायरीने वर, आणि टोकाच्या एक पायरी अलीकडे गप्प. इतका वेळ गप्प की नवखा माणूस पाठ फिरवून चालू लागेल. मग शांतपणे, खालून, शेवटचा सूर. गेल्या वर्षीच्या कॅसेटीत तो असाच होता.

रात्री जेवताना मी हे सगळं बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "पण गातो तो नर ना? मग मावशी कशी?"

"मावशीच आहे ती. येऊन ऐक."

"आणि बडबडे सगळे माझ्या माहेरचेच कसे निघाले?"

"माझ्याकडचे गातच नाहीत," मी म्हणालो. हे खरं होतं, त्यामुळे तिने भाजी वाढली.

परीक्षेच्या दिवशी सरांच्या खोलीत टेपरेकॉर्डर भिंतीच्या प्लगला जोडलेला होता. सेलांची भानगडच नको, सर म्हणाले. झालं काय, की बागेत उतरत्या सेलांवर भरलेली टेप विजेवर इतकी ठणठणीत फिरत होती, की सगळे पक्षी माझ्या ओळखीपेक्षा वर गेले होते. पहिलं गाणं लागलं. कुणाचंच वाटेना. मग मनातल्या मनात पेटी बंद केली. कसा बोलतो? शेवटचं दोनदा. "चिंच," मी म्हणालो. "मावशी."

"कौन मावशी?" सर म्हणाले.

मॅडमनी समजावलं. सरांनी पान दुसऱ्या गालात सरकवलं आणि पुढची कॅसेट लावली. मी सांगत गेलो, मॅडम चिठ्ठीवर ताडून मान हलवत गेल्या. साडू, परत मावशी, जांभळीवरचा, साडू यंदाचा. सरांचं बटण दाबणं जरा सौम्य झालं. गेल्या वर्षीचे मामा लागले, सुपारी कातरून झाली, शेवटचा सूर आला, मी म्हणालो, "मामा. विहीर."

मग एक गाणं लागलं. तीन सूर वर, पायरीपायरीने. आणि चौथा लगेच. न थांबता.

मी परत लावायला सांगितलं. पुन्हा तेच. चाल मामांची, शब्द मामांचे म्हणा हवं तर, पण थांबणं नाही. जसं मामांच्या गोष्टी ऐकून ऐकून पाठ केलेल्या कुणी भाच्याने घाईघाईत सांगावी.

"हा माझ्या ओळखीचा नाही," मी म्हणालो.

मॅडमनी चिठ्ठी पाहिली आणि मान हलली नाही. "विहिरीजवळचा आंबा," त्या म्हणाल्या. "यंदाचा."

सर खुर्चीत मागे रेलले. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण आवाज मऊ होता. "वही पेड़, वही धुन. एक साल में थोड़ा बदल गया होगा. आप भी तो बदले होंगे."

"सर, वो मामा नहीं हैं."

"तो मामा कहाँ हैं?"

सर म्हणाले, पावसाच्या आत मामा दाखवा, नाहीतर झाडं. मॅडम मला व्हरांड्यात म्हणाल्या, "बाकीचे सगळे बरोबर आलेत. या एकासाठी अडून बसायलाच हवं का? तोच आहे म्हणालात तर विषय संपेल."

मी म्हणालो, "विषय संपेल, पण मोजणीत एक कमी होईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "शोधा. मीही शोधते."

त्यानंतर मी मोठ्या जिद्दीने वागलो, असं कॉलेजच्या मुलांना सांगतो. जिद्द म्हणजे प्रत्यक्षात काय, तर सायकल पंक्चर होणं आणि कुत्र्यांशी ओळख होणं. आधी बागेतला कोपरान् कोपरा. मग बागेतल्या राजवाड्यामागची झुडपं, जिथे संग्रहालयाच्या चौकीदाराने मला दोनदा बाहेर काढलं आणि तिसऱ्यांदा चहा पाजला. विहिरीजवळच्या आंब्याखाली बसलो तेव्हा एक दिसलं: गेल्या वर्षी ज्या पोकळ फांदीत मामांची ये-जा होती, ती फांदी मोडून खाली पडली होती. घर गेलं की माणूस बाजूची गल्ली बघतो. मी बागेची कुंपणं सोडली आणि बाहेर पडलो. रोज सकाळी एक वस्ती. मॅडम दुसऱ्या अंगाने. नमकीनवाल्याकडे पोचायला उशीर व्हायला लागला. त्याचं काही अडलं नाही.

बागेला लागून खान नदी वाहते. वाहते हे आपलं म्हणायचं. एका सकाळी पूल ओलांडून मी पलीकडच्या वस्तीत शिरलो, नाकाला रुमाल लावून, आणि रुमालामुळेच की काय, फक्त कान तेवढे उघडे राहिले. तीन सूर आले. वर, वर, वर. मी सायकलवरून उतरलो. मग काही नाही. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. मी हललो नाही. मागून एक स्कूटरवाला ओरडला, "ओ काकाजी, साइड." तरी हललो नाही. आणि मग, शांतपणे, खालून, शेवटचा सूर.

मामा एका गच्चीवरच्या केबल टीव्हीच्या छत्रीच्या काठावर बसले होते. तेव्हा गल्लोगल्ली या मोठाल्या छत्र्या उगवल्या होत्या. मागे शेवग्याचं झाड, भिंतीला एक भोक, भोकापाशी मादीची ये-जा. संसार थाटलेला. मी गल्लीत मान वर करून उभा, तोंड बहुधा उघडं. केबलवाला खाली आला.

"कनेक्शन चाहिए, भिया?"

"नाही, मामा आहेत तुमच्या छतावर."

त्याने वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बैठो. पानी पियो."

दुसऱ्या दिवशी सरांना आणलं. मॅडमनी टेपरेकॉर्डरमध्ये नवे सेल घातले होते, ते मला उघडून दाखवले. सर स्कूटर गल्लीच्या तोंडाशी लावून आले, नदीच्या वासाबद्दल एक वाक्य बोलले आणि भिंतीला टेकले. खालच्या मजल्यावर कुणीतरी टीव्हीवर भजनं लावली होती. केबलवाल्याने सांगून ती बंद करवली. बराच वेळ मामा गायले नाहीत. छत्रीवर बसून शेपटी तेवढी वर-खाली. सरांनी घड्याळ पाहिलं. मामांची सवय मला माहीत होती, घाई केली तर गोष्ट मिळत नाही.

मग ते गायले. तीन सूर, आणि थांबले. सर काहीतरी बोलायला निघाले होते, मी हात वर केला, आरतीला केला होता तसाच. या खेपेला ऐकलं गेलं. शेवटचा सूर आला. मॅडमनी गेल्या वर्षीची कॅसेट बारीक आवाजात लावली. तीन सूर, आणि शांतता. आता सरांनी स्वतःच हात वर धरून ठेवला होता, आणि त्यांचं पान चघळणंही थांबलं होतं. कॅसेटीतले मामा शेवटचा सूर लावून मोकळे झाले. छत्रीवरच्या मामांना ते मुळीच आवडलं नाही, ते काठावर पुढे सरकून तावातावाने पुन्हा सुरू झाले. तरी थांबायचं तिथे थांबलेच.

"एक बार और लगाओ," सर म्हणाले. पुन्हा ऐकलं. मग ते म्हणाले, "यही है. और कुएँ वाला कोई दूसरा है." जरा वेळाने, स्कूटरकडे जाताना, मॅडमना: "पेड़ वाली गिनती रहने दीजिए. हम तो दो को एक गिन रहे थे."

मुलांपैकी एकाने मला विचारलं, "भिया, कुएँ वाले का रिश्ता क्या लगाओगे?" मी म्हणालो, भाचा.

मोजणी कानाने पुढे चालली, आणि तिच्यात मी बरीच वर्षं राहिलो. मॅडमची बदली झाली, दुसऱ्या आल्या, टेपरेकॉर्डर जाऊन कंप्युटर आला आणि तो गाण्याची चित्रं काढायला लागला. चित्रात मामांचं थांबणं चांगलं बोटभर रुंद दिसायचं.

पण त्या दिवशीचं सांगायचं तर मी सायकल दामटत घरी आलो. बायको शाळेतून नुकतीच आली होती, पदराने वारा घेत बसली होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: छत्री, शेवगा, भजनं, सरांचा हात. सांगताना शेवटच्या सुराआधी मीही जरा थांबलो, तेवढं जमतं आता. आणि म्हणालो, "फांदी मोडली, घर गेलं, तरी मामा सापडले. नदीपलीकडे, परक्याच्या छतावर, पण गातात तसेच."

ती ऐकत होती. पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. म्हणाली, "चांगलं झालं. आता आमचे मामा. मिल बंद झाल्यापासून देवासला मुलीकडे आहेत, आणि त्यांना शोधावंही लागत नाही, बस थेट जाते. रविवारी निघू. जाताना सुपारी घ्या."